खंडेनवमीला पूजलेली काठी

माझ्या जिबंला हाड न्हाई, ह्ये समद्या भाजे गावाला ठावं हाय. मी रतनबाई, कान्हे गावची लेक. लगीन होऊन हितं आले तवा सासू पंधरा दिवसांत म्हनाली, "ही पोर झोपंत तरी गप असती का?" असल्या बाईनं उभ्या जल्मात एकदाच तोंड आवरून, मोजून-मापून खोटं बोलायचं ठरवलं. त्येचं काय झालं त्ये सांगते. ऐकायचं असंल तर बसा, आन् मधी बोलू नका.

आमचं मालक लोनावळ्याच्या जिमखान्यावर माळी व्हते. फुलांचं माळी न्हवं, मैदानाचं. गवत कापायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, आन् फुटबालच्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत बांबू रोवून त्येला लाल फडकं बांधायचं. त्या बांबूवरनं खेळनाऱ्याला कळतं का मैदान हितं संपलं. रोज मळवलीवरनं गाडीनं जायाचे, सांजच्याला चुन्यानं पांढरे होऊन यायचे. मानूस गरीब, बोलनं कमी. माझं बोलनं दोघांना पुरून उरायचं.

छत्तीस सालच्या भादव्यात इंजिनशेडातला वाहिद नावाचा गडी बालच्या मागं पळत कोपऱ्यावर आला आन् बांबूवर आदळला. बांबू मोडला, त्येची चिरफळी त्येच्या डोळ्यात गेली. डोळा गेला बिचाऱ्याचा. कुनी मालकांना बोल लावला न्हाई. पन त्येंनी सवताला लावला. "बांबू म्या रोवला व्हता, रतन," इतकंच म्हनायचे आन् ताटावरनं उटायचे.

मंग एक दिस भंगारात पडलेल्या टांग्याच्या बैठकीतनं एक स्प्रिंग काढून आनली. खाली लोखंडी खुंटा, त्यो जमिनीत. खुंट्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर कारवीची काठी, काठीला फडकं. मानूस आदळला का काठी पार भुईला टेकायची, मानूस बाजूला झाला का आपली परत उभी. परसात रोवून मालक सवता पळत जाऊन तिच्यावर छाती आपटायचे. चाळीस येळा आपटली आसंल. म्या म्हनलं, "अवो, पुरं करा, म्हशी बगायल्यात!" तवा त्ये हसले. वाहिदचा डोळा गेल्यापास्नं पैल्यांदा हसले.

आता खंडेनवमीचं सांगते, कारन समदं रामायन तितंच झालं. आमच्या गावची रीत अशी, का नवं अवजार पूजल्याबिगर कामाला लावायचं न्हाई. खंडेनवमीला घराघरातली अवजारं देवळाच्या वट्यावर मांडत्यात. नांगराचा फाळ, कोयता, सुताराचा वाकस, गवंड्याची थापी, समदं एका रांगंत. गुरव पानी शिंपडतो, बाया हळद-कुकू लावत्यात, परसाद वाटत्यात. ज्येचं अवजार रांगंत न्हाई त्येच्या कामाला बरकत न्हाई, असं आमी मानतो.

त्या दिशी मालक कामावर गेलते. म्या त्येंची काठी खुंट्यासकट उपटली आन् देवळात नेली. शेजारच्या झुंबरबाई मावशीनं इचारलं, "ही कसली गं?" म्या वट्याखाली रोवली, वाकवली, सोडून दिली. काठी उभी! मावशीनं 'अगं बया!' म्हनून तोंडाला पदर लावला. मंग काय, म्हातारेकोतारे रांग लावून काठी वाकवायला लागले. गुरवानं सुदिक पूजा अर्धी सोडून एकदा वाकवली. मी आपली ज्येला त्येला सांगती, "ह्यांनी केलीया. आमच्या घरात केलीया." माझी छाती कशी फुगली व्हती म्हनून सांगू! सांजच्याला मालकांना सांगितलं तर लाजले. "कशापायी गाव गोळा केला?" म्हनले, पन मनातनं खूश झाले व्हते.

दसरा होऊन दहा-बारा दिवसांनी पुन्याचा खांबेटे जिमखान्यावर आला. खेळाच्या सामानाचं दुकान त्येचं, जिमखान्याला बाल आन् जाळ्या पुरवायचा. मालकांनी सामानाच्या खोलीत नेऊन त्येला काठी दावली. "शेट, मैदानावर चालंल का?" म्हनून इचारलं. भोळा सांब! खांबेटे म्हनला, "पुण्याला नेऊन दाखवतो चार जणांना." नेली ती नेली.

त्येच टायमाला वागळे वकिलांची गाठ पडली. मुंबईचे वकील, छातीच्या दुखन्यासाठी लोनावळ्यात बंगला घिऊन राह्यले व्हते. सांजचे मैदानाभवती फिरायचे. मालकांनी दुसरी काठी केली व्हती, ती बगून त्ये जागच्या जागी थांबले. म्हनले, "मारुती, याचं पेटंट घ्यायला हवं. कलकत्त्याला अर्ज करायचा. सरकार कागद देतं, त्यावर लिहिलेलं असतं की ही वस्तू अमक्याने शोधली. मग बरीच वर्षं ती दुसऱ्या कोणाला करता येत नाही."

मालकांनी एकच इचारलं. "त्या कागदावर माझं नाव आसंल?"

"तुमचं, तुमच्या वडिलांचं, गावाचं. सगळं."

घरी आले तवा त्येंच्या अंगात नवं वारं शिरलं व्हतं. मला म्हनले, "आमच्या घराण्यात कुनाचं नाव सरकारी कागदावर आलं आसंल तर त्ये येठबिगारीच्या यादीत. आता ह्या कागदावर येनार." महिनाभर पाटीवर सही गिरवली. मी भाकऱ्या थापायची आन् त्ये चुलीच्या उजेडात आपलं नाव गिरवायचे. अर्ज कलकत्त्याला गेला.

तर खांबेट्यानं आडवा पाय घातला. कलकत्त्याला लिवलं का ही काठी माझी. माझ्या वहीत तिचं चित्र हाय, त्येच्यावर तारीख हाय, आन् हा माळी माझ्या दुकानात बाल न्यायला आला तवा बगून गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हनत्यात त्या ह्याच! पन कलकत्त्याच्या सायबाम्होरं एकीकडं वही-चित्र-तारीख, आन् एकीकडं भाजे गावचा माळी. सायबानं लिवून टाकलं का मारुतीनं ही कल्पना खांबेट्याकडनं घेतली. अर्ज नामंजूर.

जिमखान्यावर बातमी यायला येळ लागला न्हाई. सेक्रेटरी म्हनले, "अपिलाचा निकाल लागेपर्यंत मैदानावर पाय ठेवू नकोस." मालक परत आले, पायरीवर बसले. चार दिस पायरीवरच बसून व्हते. घरात या म्हनलं का म्हनायचे, "हितंच बरं हाय." घर खायला उठायचं त्येंना, आन् भाईर गेलं तर लोकांचे डोळे.

वागळे वकील अपिलासाठी आमच्या घरी आले. धापा टाकत आले, पानी पिले, आन् म्हनले, "खांबेट्याच्या चित्रावर दसऱ्यानंतरची तारीख आहे. दसऱ्याच्या आधी ही काठी तुमच्याकडे होती, एवढं सिद्ध झालं की तो खोटा पडला. कोणी पाहिली होती का?"

म्या पदर खोचून म्होरं झाले. "कोनी म्हंजे काय वकीलसाहेब! समद्या गावानं बगितली! खंडेनवमीला म्या देवळात मांडली व्हती. पन्नास मानसं साक्षीला आनते, आन् गुरव बी आनते!"

मला वाटलं वकील खूश व्हतील. त्येंनी डोकं धरलं.

"बाई, काय केलंत तुम्ही हे," म्हनले. मंग समजावून सांगितलं. कायदा असा हाय म्हनं, का अर्ज करायच्या आदी ती वस्तू लोकांनी उघड्यावर बगितली आसंल तर तिचं पेटंट कुनालाच मिळत न्हाई. मालकांना न्हाई, खांबेट्याला बी न्हाई. पूजेचं सांगितलं तर मालक चोर न्हाईत ह्ये ठरतं, पन कागद जातो. पूजेचं न्हाई सांगितलं तर मालक चोर ठरत्यात. इकडं आड तिकडं इहीर, आन् दोन्ही म्याच खनलेली.

"आता," वकील हळूच म्हनले, "पूजा घरातच झाली असती, नवरा-बायकोनेच पाहिली असती, तर गोष्ट वेगळी. तर दोन्ही साधलं असतं. मी काही तुम्हाला सांगत नाही हं. मी फक्त कायदा सांगतोय."

वा रे कायदा! साप बी मरावा आन् काठी बी मोडू नये. म्या फटकन म्हनलं, "देवाम्होरं मांडलेली वस्तू लपवून ठेवली म्हनू? कागद गेला तर गेला खड्ड्यात. मी चोराची बायको न्हाई, एवढं सरकारनं लिवून द्यावं, बास." वकील निगून गेले.

दुसऱ्या दिशी सकाळी मी म्हशीचं दूध काढताना मालक मागं येऊन उभं राह्यले. "रतन," म्हनले, "म्या तुज्याकडं कंदी काय मागितलं न्हाई."

मी दूध काढायची थांबले.

"चोर न्हाई, असं नुसतं म्हनून काय? चोर तर मी न्हवतोच. त्ये न्हवतं त्ये न्हवतं. पन म्या काय तरी केलं, ह्ये कुनी तरी लिवून द्यावं. एकदा तरी. तू म्हन का घरातच पूजा केली."

आता सांगा, काय करायचं बाईनं? भांडले असते, वरडले असते, पन त्येंच्या तोंडाकडं बगितलं आन् माझी जीब टाळूला चिकटली. "बरं," म्हनलं. एवढा एक शब्द. त्या शब्दानं मला अशी बांधली का आजपत्तोर सुटले न्हाई.

झुंबरबाई मावशीकडं गेले. मावशीचा शब्द गावात चालायचा. म्हनलं, "मावशी, वडगावच्या कचेरीत माझी जबानी हाय. कुनी इचारलं तर काठी देवळात न्हवती म्हना. समद्यांना सांगून ठेवा."

"अगं पोरी, म्या हातानं कुकू लावलं तिला. परसाद खाल्ला. न्हाई खाल्ला म्हनू?"

"म्हना."

"मारुतीसाठी गप ऱ्हाईन," मावशी म्हनाली. "पन तू शपथ घिऊन बोलनार. देवाला काय सांगशील त्ये तुजं तू बग."

कचेरीचा दिस फाल्गुनातला. मळवलीवरनं गाडीनं वडगावला गेलो. मालकांनी धुतलेला सदरा घातला व्हता. मामलेदार खुर्चीवर, एका बाजूला आमचं वागळे वकील, दुसऱ्या बाजूला खांबेट्याचा वकील. त्यो तळेगावचा, सबनीस नावाचा, बारीक चनीचा मानूस. हितली जबानी लिवून वर सरकारकडं जायाची, आन् तितं अपिलाचा निकाल लागायचा.

म्या देवाची शपथ घेतली. वागळ्यांनी इचारलं, म्या सांगितलं. खंडेनवमीला काठी घरात पूजली. पाटावर ठेवली, हळद-कुकू लावलं. कुनी बगितली? मी आन् मालक. दुसऱ्या कुनी न्हाई. सांगताना मालकांकडं बगितलं तर त्येंचा चेहरा असा उजळला व्हता का म्या मनाशी म्हनलं, जाऊं दे, देव समजून घील.

मंग सबनीस उठला. मला वाटलं वरडंल, दरडावंल. त्यो गोड बोलला.

"बाई, काठी तेव्हा नवीन होती?"

"व्हय."

"कामाला लावायची होती?"

"व्हय की."

"भाज्यात नवीन अवजाराची पूजा कुठे करतात?"

म्या वागळे वकिलांकडं बगितलं.

"मी तळेगावचा आहे, बाई. माझं आजोळ मावळातलंच. खंडेनवमीला तुमच्याकडे अवजारं देवळाच्या ओट्यावर मांडतात. ज्याचं अवजार रांगेत नाही, त्याच्या कामाला बरकत नाही, असं म्हणतात ना?" मंग मामलेदाराकडं वळून म्हनला, "साहेब, मला उद्या भाज्याचा गुरव आणि आणखी दहा माणसं तपासायची आहेत."

वागळ्यांनी माझ्याकडं बगितलं. मुंबईचा मानूस, त्येंना आमची रीत कुटनं ठावं असनार? आन् आमाला त्ये सांगायचं सुदरलं न्हाई, कारन आमच्या लेखी त्यात सांगन्याजोगं काय व्हतं? खंडेनवमीला अवजार देवळात नेत्यात, ह्ये का कुनाला सांगावं लागतं? मामलेदारानं जेवनाची सुट्टी दिली.

भाईर वडाखाली सबनीस आमच्याकडं आला. त्येच्या हातात कोरा कागद व्हता.

"मारुती," म्हनला, "गुरव देवाची शपथ घेऊन खोटं बोलेल असं तुला वाटतं का? दहांतला एक जरी खरं बोलला तरी तुझी बायको खोट्या शपथेत अडकली. त्याला तुरुंग आहे. वागळेसाहेबांना विचार."

वागळ्यांनी मान खाली घातली.

"नाही तर इथेच थांबू. मी अपील मागे घेतो, काठी मी आधी खांबेट्यांच्या दुकानात पाहिली होती, एवढं लिहून दे. मग मला कोणाला तपासायचं कारण नाही. बाईंची जबानी तशीच फडक्यात बांधून पडेल."

"न्हाई!" म्या वरडले. "मी आत जाते. मी आत्ता जाऊन सांगते का म्या खोटं बोलले, काठी देवळात व्हती, समद्या गावानं बगितली. चोर ह्ये न्हाईत, त्यो हाय!"

सबनीस शांतपनं म्हनला, "मग आजच तुरुंगात जाल, बाई. शपथेवर खोटं बोलल्याचं तुम्हीच कबूल केलं म्हणून."

मी मालकांचा हात धरला. "जाते मी तुरुंगात. काय व्हतंय? चार महिनं, सा महिनं. भाकरी तर तितं बी देत्यात."

मालकांनी माझा हात सोडवला. रागानं न्हवं. एकेक बोट हळूच उलगडून सोडवला. "तू गप बस, रतन," म्हनले. लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा मला गप बस म्हनले. सबनीसानं सांगितलं त्ये कारकुनानं लिवलं, वाचून दावलं. मालकांनी टाक घेतला आन् खाली सही केली. सावकाश, एकेक अक्षर ठसठशीत. कारकून म्हनला, "अक्षर चांगलं आहे की तुझं!"

मी वडाच्या बुंध्याला धरून उभी व्हते. रडायला बी आलं न्हाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हनत्यात, त्यो त्या दिशी कळला. आन् राग कुनाचा यावा? खांबेट्याचा तर आलाच, त्येचा निर्वंश व्हवो असं मनात आलं. वागळ्यांचा आला. पन समद्यात जास्त माझा मला आला. खरं बोलले असते तर कागद गेला असता, पन मालक ताठ मानंनं मैदानावर गेले असते.

मळवलीला उतरून भाज्याची वाट धरली तवा दिस कलला व्हता. येशीपाशी झुंबरबाई मावशी वाट बगत बसली व्हती. मालक म्होरं निगून गेले. म्या मावशीला समदं सांगितलं. मावशी ताडकन उठली. लुगडं सावरत म्हनाली, "असं लिवून घेतलं त्या मेल्यांनी? मारुती चोर? थांब, उद्या मी जाते वडगावला. गुरवाला घिऊन जाते. गाव घिऊन जाते. समदी सांगू का काठी दसऱ्याच्या आदी बगितली, म्या कुकू लावलं!"

आन् म्या, जी सबनीसाम्होरं वरडले, जी तुरुंगात जायाला निगाले व्हते, म्या मावशीचे पाय धरले. "मावशी, तुमी काय बी बगितलं न्हाई. तुमी खरं बोललात तर ह्यांनी सही केली ती वाया जाईल. माझ्यापायी केली ती."

मावशी मटकन खाली बसली. मंग कंदीच कुटं गेली न्हाई. गाव बी गप राह्यला. समद्यांना खरं ठावं, आन् कुनी बोलायचं न्हाई, असं झालं.

जिमखान्यानं मालकांना घेतलं न्हाई. चोराला कोन घेनार? पुढं खांबेट्याच्या वाकनाऱ्या काठ्या लोनावळ्यातच न्हाई, पार पुन्या-मुंबैच्या मैदानांवर गेल्या. मालक दुसऱ्यांच्या भातखाचरात राबले. मला एकदा बी टोचून बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. एकदा भाताची आवनी करताना म्याच न राहवून म्हनलं, "काठी तुमी केलीया. मला ठावं हाय." त्ये म्हनले, "तुला ठावं हाय न्हवं? मंग झालं."

गेल्या साली मालक गेले. आता मला तुरुंगाचं भ्या न्हाई. वडगावला गेले, नव्या मामलेदाराम्होरं उभी राह्यले. म्हनलं, सायेब, काठी माझ्या मालकांनी केली, लिवून घ्या. त्येनं जुनं दप्तर काढलं, माझी जबानी वाचली. वर बगून इचारलं, "बाई, तेव्हा शपथेवर घरात पूजली म्हणालात, आता देवळात म्हणता. यातलं खरं कोणतं धरू?"

तुमी ऐकून घेतलंत, बरं वाटलं. पन सांगनारी कोन हाय, ह्ये बी ध्यानात ठेवा. ही काठी कुनी केली ह्ये ज्या बाईला समद्यात जास्त ठावं, ती शपथ घिऊन खोटं बोललेली बाई हाय. तुमी तरी माझ्यावर कशापायी इस्वास ठेवावा?